इन्क्युबेटरची इमारत झाली, पुढे काय?

प्रश्न कोल्हापूरहून आलाय. विचारणारे एका अभियांत्रिकी कॉलेजच्या संस्थेचे विश्वस्त आहेत. ते म्हणतात: "आमच्याकडे इन्क्युबेशन सेंटर सुरू होऊन तीन वर्षं झाली. जागा आहे, चार थ्रीडी प्रिंटर आहेत, अनुदान मिळालंय, दरवर्षी हॅकेथॉन होते. पण दहा कल्पना आल्या की त्यातल्या आठ किराणा किंवा जेवण घरपोच देणाऱ्या ॲपच्या असतात. पुण्यात असं काय आहे जे आमच्याकडे नाही, आणि ते आणायचं कसं?"

मी काय बघून बोलतोय ते आधी सांगतो. १९९४ साली पुण्याजवळच्या भोसरीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, ट्रेनी म्हणून लागलो. पुढे टेस्टिंग जिग आणि फिक्स्चर, म्हणजे वस्तू धरून तपासायची साधनं, बनवायचा स्वतःचा छोटा धंदा केला. गेली बाराएक वर्षं इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रात, येणाऱ्या मुलामुलींसोबत बसतो, म्हणजे मुख्यतः त्यांची ड्रॉइंग बघतो आणि त्यांना योग्य माणसाकडे पाठवतो. धोरण वगैरे मला कळत नाही. कोण कोणाला फोन करतो, एवढं कळतं.

तुमच्या प्रश्नातल्या "आणायचं कसं" या शब्दांपाशी मी थांबलो, कारण पुण्यात हे कोणी आणलं नाही. आज ज्याला आपण परिसंस्था वगैरे म्हणतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक संस्था भलत्याच कामासाठी आली. १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. त्याचंच पुढे सीओईपी झालं. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आला, कारण शेजारी लष्कराची छावणी. १९२८ मध्ये हवामान खात्याने सिमल्याहून मुक्काम हलवला, ती इमारत अजून सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. १९५० मध्ये पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र आलं, आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, एनआयव्ही. त्यानंतर दोनेक वर्षांत पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था, तीही अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून. १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. यातल्या एकाही फायलीवर "स्टार्टअप" हा शब्द नव्हता.

मग फायदा कशाचा झाला? संस्था एकाच जातीच्या नव्हत्या, याचा. वीस इंजिनिअरिंग कॉलेजं ओळीने बांधली तर वीस ठिकाणी तेच लेथ, तेच प्रोजेक्ट, तीच पोस्टर स्पर्धा. प्रयोगशाळेकडे वेळ असतो, पण तिला गिऱ्हाईक माहीत नसतं. कारखान्याला गिऱ्हाईक पक्कं माहीत असतं, वेळ मात्र अजिबात नसतो. तपासणी संस्थेकडे शिक्का असतो. भोसरीच्या गाळ्यात हात असतो. साखर कारखान्याकडे किंवा महापालिकेकडे पहिली ऑर्डर असते, आणि सोबत ९० दिवसांनी येणारं पेमेंटही. एक वस्तू बाजारात जायची तर या सगळ्या दारांतून जावं लागतं, आणि प्रत्येक दारावरची भाषा वेगळी.

भाषा वेगळी म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक डॉक्टरेट केलेली मुलगी माझ्याकडे आली. पाण्याच्या नमुन्यातला एक घटक मोजायचं छोटं उपकरण तिने केलं होतं. रसायनशास्त्र चोख. अडलं होतं ते स्टेनलेस स्टीलच्या तळहाताएवढ्या डबीवर. तिने ड्रॉइंग काढून चार ठिकाणी कोटेशन मागवलं होतं, आणि येणारा आकडा ऐकून तिच्या अनुदानाचा जीव जात होता. मी तिला भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. दोन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, एक जुना एचएमटी लेथ, दारात चपला, भिंतीवर गणपती आणि विजेच्या बिलाची तारीख. मालकांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी ड्रॉइंग उजेडात धरलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "ताई, हे सगळीकडे पाच मायक्रॉन लिहिलंय. या खाचेत काय बसणार आहे?" मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

"ओ-रिंग."

"कशाची?"

"रबराची."

काका हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. लेथवरच्या पोराला मात्र हसू आवरलं नाही. "रबर बसणार आणि पाच मायक्रॉन? मापाला पन्नास मायक्रॉन इकडे तिकडे चाललं तरी पाणी गळणार नाही. तुम्हाला पाहिजे ती फिनिश. खाचेच्या तळाला टूलची रेघ राहिली तर गळेल. माप सोडा, फिनिश मागा." मग पेन काढून त्यांनी ड्रॉइंगवरचे सात आकडे खोडले, दोन ठेवले, एका कोपऱ्याला गोलाई दिली कारण तिथे टूल पोचणारच नव्हतं. किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली. तीन नमुने झाले, ते कच्च्या पावतीवर घेऊन ती रिक्षाने गेली.

त्या मुलीला सॉफ्टवेअरमध्ये पाच मायक्रॉन हा आकडा भरणं आणि पन्नास भरणं यांत काहीच फरक दिसत नव्हता. दोन्हीला एकच कळ दाबावी लागते. काकांना तो फरक हाताला कळत होता. आणि काकांना हे ज्ञान आलं कुठून? ते आधी टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, होते. टेल्कोने पुण्यातून पहिला ट्रक बाहेर काढला १९७७ मध्ये, पण त्याच्या दहाएक वर्षं आधीपासून इथे टूलरूम आणि प्रशिक्षण विभाग चालू होता. म्हणजे गाडीच्या आधी माणसं घडवली. त्यातली कितीतरी माणसं पुढे बाहेर पडली, १९६२ नंतर एमआयडीसीने पाडलेल्या प्लॉटवर गाळे घेऊन बसली, आणि ज्या कंपनीतून बाहेर पडली तिचंच जॉबवर्क करू लागली. टेल्कोने हा खर्च ट्रकसाठी केला होता. त्यातला थोडा वाटा चाळीस वर्षांनी पाणी तपासणाऱ्या एका मुलीच्या पदरात पडला. असले हिशेब कुठल्याच वार्षिक अहवालात येत नाहीत.

दुसरं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं, पण त्याची सुरुवात बहुतेक लोक विसरतात. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये हडपसरला निघाली. तिच्या मागे काय होतं? घोडे. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म होता, शर्यतीतून निवृत्त झालेली जनावरं मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिली जायची, तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वात, सर्पदंश अशांवरचं सीरम निघायचं. सायरस पूनावालांनी विचार केला की घोडे आपले, मग सीरम आपण का करू नये. सुरुवातीची जाणकार माणसंही हाफकिनमधूनच मिळाली. आता बघा, लष्करी छावणीमुळे पुण्यात रेसकोर्स आलं, रेसमुळे घोड्यांची पैदास, आणि शंभर मैलांवर एक सरकारी लस-संस्था होती. या तिन्हींना एकत्र बसवून "इनोव्हेशन क्लस्टर" कर असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून तुमच्या गावातल्या संस्था मोजताना फक्त कॉलेजं मोजू नका, हे मी आग्रहाने सांगतो. रेसकोर्ससुद्धा मोजा.

मार्च २०२० मध्ये हे चित्र आणखी जवळून दिसलं. करोनाच्या तपासणीचं पहिलं भारतीय बनावटीचं किट ज्या कंपनीला मंजूर झालं, ती मायलॅब पुण्यातली. किट पारखून बघणारी एनआयव्हीही पुण्यातली. कंपनीची शास्त्रज्ञ टीम सहा आठवड्यांत काम संपवू शकली याचं श्रेय त्यांचंच. पण रेण्वीय तपासण्या करणारी माणसं या शहरात आधीपासून होती, आणि पारखणारी संस्था अडुसष्ट वर्षं जुनी होती. एनआयव्ही १९५२ मध्ये डास, गोचीड अशांतून पसरणाऱ्या विषाणूंसाठी निघाली होती. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा विषाणू तिने १९५७ मध्ये शोधला. इतकी वर्षं शांतपणे नमुने गोठवून ठेवणारी संस्था एका महिन्यात देशाच्या कामी आली. शिक्का देणारी संस्था शेजारी असली की काय होतं, ते मोटारवाल्यांना विचारा. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय १९६६ मध्ये निघाली, ती कोथरूडच्या टेकडीवर आहे. निम्म्या पुण्याला ती सकाळी फिरायची "एआरएआय टेकडी" म्हणून माहीत आहे. ब्रेक, दिवे, धूर यांची चाचणी होऊन गाडीला प्रमाणपत्र मिळतं ते तिथे. विजेवर चालणारी दुचाकी करणाऱ्या पोराला चाचणीत नापास झालेला सुटा भाग दुपारी भोसरीत दुरुस्त करून परत आणता येतो. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला त्याच भागासाठी लॉजमध्ये आठवडा काढावा लागतो. निकाल दोघांनाही तोच मिळतो; एकाला मात्र चार वेळा नापास होणं परवडतं.

गिऱ्हाईकाची बाजू आपण नेहमी विसरतो. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी मिळून काढलेली. शेतकऱ्यांच्या पैशातून उभी राहिलेली संशोधन संस्था, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विशेष वाटत नाही. बाहेरच्या पाहुण्यांना ते सांगितलं की ते दोनदा विचारतात. त्याच टापूत १९८३ मध्ये प्रमोद चौधरींनी प्राज सुरू केली, मळीपासून अल्कोहोल काढायचे प्लांट बनवायला. आज त्यांचे प्लांट जगभर जातात. माझ्या मते त्यांचं खरं भांडवल हे की आसवनीवाला गिऱ्हाईक दोन तासांच्या अंतरावर होता आणि प्लांट बिघडला की त्याच दिवशी शिव्या द्यायला फोन करू शकत होता. शिव्या देणारं गिऱ्हाईक जवळ असणं ही फार मोठी गोष्ट आहे. हॅकेथॉनचे परीक्षक फार सभ्य असतात.

यंत्र, रसायन, लस एवढ्यावर हे संपतही नाही. एसएनडीटी विद्यापीठाच्या पुणे आवारातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करू लागल्या. त्यातून आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीच्या परंपरेतून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला: दारोदार कचरा गोळा करायचा, त्याचे पैसे घरटी थेट वेचकाला मिळायचे. याच बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांपासून सॅनिटरी पॅड गुंडाळायच्या पिशव्या केल्या, कारण ते उघडे पॅड हाताने वेगळे करण्याची किळस त्यांना रोज सोसावी लागत होती. विद्यापीठ, कामगार संघटना, महापालिका अशा तीन तऱ्हा. यात कुठे प्रयोगशाळा नाही, पेटंट नाही. मला विचाराल तर गेल्या तीस वर्षांत या शहराने केलेल्या नव्या गोष्टींमध्ये ही पहिल्या पाचांत बसते, आणि कुठल्याही स्टार्टअप मेळाव्यात तिचा स्टॉल नसतो.

आता पुण्याचं कौतुक पुरे. संस्था शेजारी असल्या म्हणजे त्या बोलतात असं नाही. पाषाण रस्त्यावरून जाताना एका पाठोपाठ एक भिंती आणि फाटकं लागतात. आतल्या माणसाला पुढच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते दिल्लीतल्या परिषदेत कळतं. पाषाण ते भोसरी अंतर नकाशावर फार नाही, पण प्रयोगशाळेत देशभरातून आलेला शास्त्रज्ञ मराठी बोलत नाही, काका इंग्रजी बोलत नाहीत, आणि दोघांनाही समोरचा आपल्याला कमी लेखतो असं वाटतं. माझाच एक अनुभव. एका संस्थेत पृष्ठभाग मोजायचं एक यंत्र होतं, माझ्या गिऱ्हाईकाला त्यावर दोन तासांचं काम होतं. सामंजस्य करार हवा म्हणाले. केला. मग दर कोण ठरवणार यावर समिती. मग ऑडिटची शंका. अकरा महिन्यांनी परवानगी आली, तेव्हा कळलं की ऑपरेटर निवृत्त झालाय आणि यंत्रावर कव्हर घातलंय. त्या निवृत्त ऑपरेटरचा नंबर शिपायाकडून घेतला. ते सहकारनगरात राहत होते. त्यांनी एक फोन केला आणि भलत्याच ठिकाणच्या तसल्याच यंत्रावर अर्ध्या दिवसात काम झालं. दोन पेढ्याचे बॉक्स एवढाच खर्च.

त्या दिवसापासून मी निवृत्त माणसांची वही ठेवतो. पुण्याची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त संस्था म्हणजे निवृत्त माणूस. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना पुढे आजारी पडला, पगार थकले, पण तिथे किण्वन शिकलेली माणसं औषध कंपन्यांमध्ये, कॉलेजांमध्ये, सल्लागार म्हणून पसरली. कारखाना खंगला तरी विद्या गावात राहिली. २००७ मध्ये रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर निघालं. त्याचं यश लोक इमारतीला आणि उपकरणांना देतात. मी म्हणेन, प्रयोगशाळेच्या फाटकाला लागून पण फाटकाच्या बाहेरच्या शिस्तीने चालणारी एक जागा झाली, आणि तिथे "तुला अमक्याला भेटायला हवं" हे सांगणारी माणसं पगारावर बसली.

तर कोल्हापूर. तुमच्या मुलांना ॲपच सुचतं याबद्दल त्यांना दोष देऊ नका. माणसाला जे दिसतं त्यातलंच सुचतं. वसतिगृहातल्या पोराला रोज दिसणारी अडचण म्हणजे जेवण उशिरा येणं. तो शिरोलीच्या फाउंड्रीत कधी उभाच राहिलेला नाही. आणि तुमच्याकडे काय नाही? शिवाजी उद्यमनगरात एकेकाळी ऑइल इंजिनं बनवणाऱ्या मिस्त्रींची तिसरी पिढी आहे. शिरोली, गोकुळ शिरगावला ओतकाम आहे, हुपरीला चांदी, इचलकरंजीला माग. गोकुळसारखा दूध संघ आहे, ज्याच्याकडे रोज पहाटे हजारो शेतकऱ्यांचं दूध तपासायला येतं. साखर कारखाने आहेत, १९६२ पासूनचं विद्यापीठ आहे. आणि पंचगंगा आहे: पावसाळ्यात अख्खं शहर राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फुटांत पाठ म्हणतं, ३९ इशारा, ४३ धोका. ज्या शहरातल्या रिक्षावाल्याला नदीची धोका पातळी तोंडपाठ आहे, त्या शहरातल्या इन्क्युबेटरमध्ये पुराबद्दल एक प्रकल्प नसावा?

मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या अनुदानातून यंत्र घेतलं नसतं. फाउंड्रीत किंवा दूध संघात तीस वर्षं काढलेला, सगळ्यांशी बोलणारा, थोडा भोचक असा एक निवृत्त माणूस पगारावर घेतला असता. त्याला स्कूटर, पेट्रोल आणि फोन द्यायचा. केबिन द्यायची नाही, नाहीतर तो बसेल. त्याने आठवड्याला पाच दारं वाजवायची आणि एकच विचारायचं: "या महिन्यात काय फेकून द्यावं लागलं?" काय हवंय असं विचारलं की लोक कौतुकाची उत्तरं देतात. काय फेकलं म्हटलं की पोटातलं बाहेर येतं: ब्लोहोल, म्हणजे ओतीवात हवेची भोकं, पडून रिजेक्ट झालेला माल, जळकी वाळू टाकायला जागा नाही, नासलेला टँकर. ती यादी मराठीत, त्यांच्याच शब्दांत, सेंटरच्या दारावर लावायची. हॅकेथॉन घ्यायचीच असेल तर त्या यादीवर घ्या, आणि परीक्षक म्हणून ज्याचं नुकसान झालं त्यालाच बसवा.

ऑर्डरचंही आत्ताच बघा. एखादा दूध संघ किंवा कारखाना दोन लाखांची छोटी खरेदी ॲडव्हान्स देऊन करेल का, हे आधी विचारून ठेवा. विद्यार्थ्याला बक्षिसाचा मोठा चेक देण्यापेक्षा छोटी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, मिळवून द्या. चेकबरोबर फोटो निघतो, पीओबरोबर डिलिव्हरीची तारीख येते. आणि चाचणीचा शिक्का तुमच्याकडे मिळत नसेल तर त्यासाठी पुण्याला या. संकोच नको, चार तासांचा रस्ता आहे. सगळंच गावात असावं लागत नाही.

हे चार प्रिंटर धूळ खात असतील असा माझा अंदाज आहे; चुकीचा असेल तर माफ करा. त्यातला एक उचलून महिनाभरासाठी शिरोलीतल्या एखाद्या पॅटर्नमेकरच्या, म्हणजे ओतकामासाठी वाळूत उमटवायचे नमुने बनवणाऱ्याच्या, शेडमध्ये ठेवा, सोबत तिसऱ्या वर्षाची दोन मुलं. नमुन्याच्या दोन-चार नगांसाठी लाकडी पॅटर्न करायला दिवस जातात आणि गिऱ्हाईक डिझाइन बदलतं तेव्हा तो फुकट जातो. तिथे छापलेला पॅटर्न चालतो का ते बघा. वाळूत उचलताना त्याच्या थरांच्या रेघा अडकतील, तेव्हा घासून लुकण कसं लावायचं ते पॅटर्नमेकर दाखवेल. ओतीव आकसतं म्हणून किती जास्तीचं माप धरायचं, तेही मुलांनी सॉफ्टवेअरला नाही, त्यालाच विचारायचं. त्याला रोजचे पैसे द्या. महिन्याने मला फोन करा, काय बिघडलं ते सांगायला.